चाचा, मशीन कुठलं घेऊ?

चाचा, तुमचा चाळिसावा अजून व्हायचा आहे आणि मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. परवा ऑफिसात शोकसभा झाली. साहेब बोलले, मोजणीवाले बोलले, टेबलावरच्या पंख्याचं तोंड कुणाकडे ह्यावरून ज्या कारकुनाशी तुम्ही वर्षभर अबोला धरला होता तोसुद्धा गहिवरून बोलला. 'मुकादमसाहेब म्हणजे चालताबोलता नकाशा होते,' असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मला बोलायला सांगितलं. मी उभी राहिले तेव्हा माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता: शेवटच्या भेटीत तुम्ही जे सांगितलंत ते का सांगितलंत? हा काही शोकसभेत विचारायचा प्रश्न नव्हे. मी 'त्यांची उणीव भासत राहील' असं म्हणून खाली बसले. ह्या वाक्याचा रबरी शिक्काच करून घ्या, म्हणजे दर वेळी उठायला नको, असं तुम्ही म्हणाला असतात.

म्हणून इथे विचारते. आपल्या नकाशाखोलीसाठी मोठं स्कॅनर घ्यायचं होतं. कुठलं घ्यायचं ते ठरवायला दोघांची समिती केली, कागद कळतो म्हणून तुम्ही आणि कॉम्प्युटर कळतो म्हणून मी. दीड वर्ष झालं, आपलं एकमत काही झालं नाही. तुमचं एक मशीन, माझं एक मशीन. साहेब म्हणायचे, तुमची दोघांची सही एका कागदावर आली की मी पेढे वाटीन. आणि मग अंथरुणावर पडल्यापडल्या तुम्ही अचानक तुमचं मशीन सोडून दिलंत. 'तुझाच घे,' म्हणालात. आता मार्चअखेर तोंडावर आलीय. त्याआधी शिफारस गेली नाही तर मंजुरी परत जाईल आणि सगळे नकाशे आणखी एक पावसाळा त्याच कपाटांत काढतील. त्यातले काही काढू शकणार नाहीत. तुमच्या गावचा तर नक्कीच नाही. सही आता माझी एकटीचीच हवी आहे, आणि मला काही सुधरत नाही.

मी लांज्याहून रत्नागिरीला पहिल्यांदा त्या खोलीत आले तो दिवस आठवतो. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही आणि ऑफिसात खिडक्या बंद असलेली ती एकच खोली, म्हणून माझी रवानगी तुमच्याकडे झाली. तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंत. नाव नाही, गाव नाही, पहिला प्रश्न, हात धुतलेस का. मी म्हटलं, हो. तर म्हणालात, साबणाने? डब्यात बांगडा होता ना? मला फार राग आला होता. एकतर डब्यात खरंच बांगडा होता. दुसरं म्हणजे मी डिप्लोमा करून आलेली, आणि हा म्हातारा मला शाळेतल्या पोरीसारखं नळावर पाठवतो. नंतर कळलं की तुम्ही साहेबांनाही पाठवता. एकदा तर तपासणीला आलेल्या मोठ्या अधिकाऱ्यांपुढे तुम्ही साबणाची वडी धरली होती, आणि त्यांनी मुकाट हात धुतले होते.

लोकांसमोर मी तुम्हाला 'मुकादमसाहेब' म्हणायचे आणि दोघंच असलो की 'चाचा'. हे कधी ठरलं ते आठवत नाही. बहुतेक ज्या सोमवारी तुम्ही माझ्यासाठी चाचीने केलेली सांदणं आणलीत तेव्हापासून. माझा सोमवार असतो आणि त्या दिवशी मी मासळी खात नाही, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. तुम्ही डब्याच्या वासावरून ताडलं असणार. त्यानंतर बहुतेक सोमवारी सांदणं, नाहीतर घावणे. तुमच्याशी कितीही कडाक्याचं भांडण झालेलं असलं तरी डबा येई, फक्त तो माझ्या टेबलावर जरा आपटून ठेवला जाई.

आणि ते फोटो. विमानातून काढलेले किनाऱ्याचे काळेपांढरे फोटो, ताटाएवढे, चकचकीत. शेजारशेजारचे दोन फोटो त्या चार पायांच्या दुहेरी भिंगाखाली ठेवले की डोंगर उभे राहतात, असं तुम्ही सांगायचात. मला काही केल्या दिसेना. मला दोन सपाट फोटो दिसायचे आणि डोकं दुखायचं. तुम्ही म्हणायचात, बघू नको, नुसती बस. हे काय शिकवणं झालं? मग एका दुपारी, मी कंटाळून नुसतीच बसले होते, आणि मिरकरवाड्यावरची टेकडी एकदम वर आली. खाली बंदर खोल गेलं, होड्या पाण्यावर तरंगायला लागल्या, किल्ल्याच्या भिंतीला उंची आली. मी घाबरून डोकं मागे घेतलं. तुम्ही विचारलंत, 'उठला काय डोंगर?' मी म्हटलं, उठला. तुम्ही खूश होऊन चहा मागवलात आणि त्या दिवशी साखर जास्त घालून घेतलीत, जी तुम्हाला बंद होती.

त्या भिंगाने मला जे दिलं त्याबद्दल मी तुम्हाला कधी काही बोलले नाही. आता एसटीत बसले तरी वरचा कातळाचा सडा आणि खाली उतरणारी भातखाचरं मला वरून दिसतात. पालीच्या फाट्यावर गाडी थांबली की रस्ता कुठून वळून आलाय ते डोक्यात उलगडत जातं. हे तुमचं देणं आहे.

रेल्वे सुरू झाली आणि जमिनींची चौकशी एकदम वाढली. रोज नवा माणूस नकाशा मागायचा. कपाटातून काढा, टेबलावर पसरा, पुन्हा गुंडाळा. कापडावर चिकटवलेले ते जुने नकाशे घड्यांवर पापडासारखे मोडायला लागले. तेव्हा वरून हुकूम आला की सगळं स्कॅन करून कॉम्प्युटरात घ्या. पुण्याचा एक विक्रेता माहितीपत्रकं घेऊन आला आणि आपली लढाई सुरू झाली.

एक मशीन होतं उसाच्या चरकासारखं. नकाशा एका बाजूने रुळांत घालायचा, तो आतून ओढला जातो आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येतो. केवढाही लांब नकाशा एका दमात, अखंड. दुसरं होतं सपाट, झेरॉक्ससारखं, काचेचं. त्यावर कागदाला धक्का लागत नाही, विमानाचे जाड फोटोही नीट बसतात. पण आपल्या ऐपतीतली काच लहान होती. मोठा नकाशा तुकड्या-तुकड्यांनी घ्यायचा आणि मग ते तुकडे पडद्यावर जोडायचे. विक्रेता डीपीआय सांगत होता, एका इंचात किती ठिपके वगैरे. तुम्ही त्याला मध्येच थांबवलंत. म्हणालात, 'ठिपके राहूदेत हो. सांधा किती येणार ता सांगा.'

कुणालाही वाटेल की म्हातारा माणूस कागद जपायला बघणार आणि पोरगी नव्या झटपट मशीनवर भाळणार. आपलं उलटं झालं. तुम्हाला चरक हवा होता आणि मला काच. मी म्हणत होते, चाचा, तो नकाशा रुळांत अडकला तर चिंध्या निघतील. तुम्ही म्हणत होतात, चिंध्या झाल्या तर मी जोडीन, पण सांधा नको. आणि फोटो? मी विचारायचे. फोटोंना भिंग आहे ना, तुमचं उत्तर. भिंगाला डोळे लागतात, आणि तुमच्या एका डोळ्यातला मोतीबिंदू काढून झालाय, दुसऱ्यातला पिकतोय, हे मी म्हटलं की तुम्ही खिडकीकडे बघायचात. खिडकी बंद असायची.

सांध्याचा तुम्हाला एवढा तिटकारा का, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. तुमचं खाडीकाठचं गाव जुन्या नकाशात दोन शीटांवर पडलं होतं. अर्धं एकावर, अर्धं दुसऱ्यावर. आणि तुमचं घर नेमकं मधल्या रेषेवर. पहिलं शीट काढणाऱ्याला वाटलं, हे घर पुढच्या शीटात येईल. दुसरं काढणाऱ्याला वाटलं, हे मागच्यात आलं असेल. दोघंही आपापल्या परीने शहाणे. त्यामुळे विहीर आली, माड आले, बाहेरची गडग्याची भिंतसुद्धा आली, आणि घर कुठेच नाही. तुम्ही ऑफिसात नवीन लागलात तेव्हा साहेबांच्या परवानगीने त्या दोन शीटांच्या प्रती काठाला काठ लावून मांजरपाटावर चिकटवलीत, खळीत मोरचूद घालून, की कसर लागू नये. मग टेप घेऊन गावी गेलात, घर मोजलंत, आणि सांध्यावर बारीक निबाने काढलंत. त्या नकाशाला आपल्याकडे दुसरी प्रत नाही. मूळची दोन शीटं अजून आहेत, पण त्यांवर तुमचं घर आजही नाही.

आता तिकडून किनाऱ्याचा रस्ता यायचा म्हणतात. आखणी करणारे काही कपाटं उघडायला येणार नाहीत. आपण कॉम्प्युटरात जे भरून देऊ तेच ते बघणार. हे तुम्ही एकदाच बोललात, तेही खिडकीकडे बघत. पण तेव्हापासून मला कळलं होतं की आपण स्कॅनरवरून भांडतोय तरी भांडण कशाचं आहे.

चरक बघायला आपण मे महिन्यात कोल्हापूरला गेलो. तिकडच्या एका नकाशे छापणाऱ्याकडे तसलं मशीन होतं. परीक्षेसाठी कुठल्या गावचा नकाशा न्यायचा ह्यावर तुम्ही फार विचार केल्याचं नाटक केलंत आणि माझ्या गावचा काढलात. मी म्हटलं, माझ्याच का? तर म्हणालात, फाटला तर आपल्या माणसाचा फाटू दे, लोकांचा नको. अख्ख्या आंबा घाटात ती पत्र्याची नळी तुम्ही मांडीवर आडवी धरली होती. शेजारच्या बाईने विचारलं, काय आहे त्यात? तुम्ही सांगितलंत, हिचा गाव आहे. कोल्हापुरात ऊन नुसतं भाजत होतं. माझा गाव रुळांत गेला, मी डोळे मिटून घेतले, आणि तो पलीकडून धड बाहेर आला. तुम्ही छापील प्रत हातात घेतलीत आणि एवढे हसलात की मिशीखालचा तुटका दात दिसला. परतीच्या गाडीत तुम्ही झोपलात आणि नळी मी सांभाळली.

काचेचं मशीन मात्र त्या विक्रेत्याने आपल्याकडेच आणून दाखवलं, श्रावणात. बाहेर पाऊस धो धो, वीज चार वेळा गेली. तुलना व्हावी म्हणून आपण तोच, माझ्या गावचा नकाशा घेतला. मी तुकडे घेतले, पडद्यावर जोडले, शाबासकीच्या अपेक्षेने प्रत काढली. तुम्ही ती कोल्हापूरच्या प्रतीवर ठेवलीत. माझी थोडी लांब भरली. गावच्या वरच्या वेशीपासून खालच्या वेशीपर्यंत बोटभर नाही, पण चांगला गव्हाच्या दाण्याएवढा फरक. 'बघ,' तुम्ही म्हणालात, 'प्रत्येक सांध्यात थोडा थोडा चोरलान.' मी म्हटलं, चोरलं तर कमी व्हायला हवं, इथे वाढलंय. तुमचे रूळच कागद खेचताना मध्ये मध्ये गिळतात. म्हणून तुमचं कमी भरतं. बस्स. त्यानंतर गणपती झाले, दिवाळी झाली, आपण 'सांधे वाढवतात' आणि 'रूळ गिळतात' ह्यापलीकडे सरकलो नाही. ऑफिसात लोकांनी आपली नावं ठेवली होती, सांधा आणि रूळ. तुम्हाला ती कळली होती का? मला पक्कं माहीत नाही.

एकदा मी जास्त बोलले. म्हटलं, तुमचं मशीन एवढं भरवशाचं आहे तर तुमच्या गावचा नकाशा का नाही घातलात त्यात? तुम्ही पेन्सिलीला टोक करत बसलात, जिला टोक होतं. दुसऱ्या दिवशी सोमवार होता आणि डबा आला, पण आपटला नाहीत. हळूच ठेवलात.

मग थंडीत तुमची छाती भरून यायला लागली आणि तुम्ही घरीच राहिलात. मी मिरकरवाड्याला तुमच्या खोलीवर आले ती शेवटची भेट. खाली बर्फ फोडायचं मशीन घरघरत होतं, लिलावाचा आवाज वरपर्यंत येत होता. चाचीने चहा दिला. तुम्ही उशीला टेकून बसला होतात, चेहरा उतरलेला. मी ऑफिसातल्या गप्पा सांगत होते, त्या तुम्ही ऐकत नव्हतात. मध्येच विचारलंत, 'शैले, तुझा मशीन आला तेव्हा पाऊस होता काय गो?'

मी म्हटलं, होता की, श्रावण होता, वीज जात होती. तुम्ही हसायला लागलात. खोकला येईपर्यंत हसलात. चाची पाणी घेऊन धावली. मला वाटलं, औषधांमुळे काहीतरी भलतंच आठवतंय. खोकला थांबल्यावर तुम्ही माझा हात धरलात, जे तुम्ही कधी करत नसा, आणि म्हणालात, 'मग तुझाच घे. आता भांडू नको.'

मला आनंद व्हायला हवा होता. मला धक्का बसला, आणि खरं सांगू, वाईट वाटलं. असं जिंकायचं नव्हतं मला. भांडणाऱ्या माणसाने मध्येच हत्यार खाली ठेवलं की समोरच्याने काय करायचं? मी म्हटलं, तुम्ही बरे व्हा, मग बघू. आजारी माणसाशी काय वाद घालायचा. पुढच्या आठवड्यात तुम्ही गेलात.

मय्यत गावी नेली. मी तुमचं गाव तेव्हा पहिल्यांदा बघितलं, म्हणजे पायाने. वरून, नकाशातून, ते मला पाठ होतं. पुरुषमंडळी तुम्हाला घेऊन कबरस्तानाकडे गेली आणि मी चाचीजवळ घरात बसले. मग जरा बाहेर आले. चिऱ्याच्या भिंती, दारात पाण्याचा हंडा, पलीकडे ती नकाशात आलेली विहीर, ते माड. मी तुमच्या घराच्या उंबऱ्यावर उभी होते आणि डोक्यात आलं की आत्ता मी बरोबर दोन शीटांच्या मध्ये उभी आहे, तुमच्या निबाखेरीज कुठल्याच सरकारी कागदावर न आलेल्या जागी. मला रडू आलं आणि हसूही आलं. कुणाच्या तरी मावशीने मला जवळ घेतलं. तिला वाटलं मी तुमची मुलगी.

परत आल्यावर साहेबांनी शिफारस मागितली, कारणांसह. 'चाचांनी सांगितलं म्हणून' हे काही कारण होत नाही. म्हणून मी माझ्या गावचा तो नकाशा काढला, साबणाने हात धुऊन, आणि दोन्ही प्रती शेजारी ठेवून लोखंडी पट्टीने मोजायला बसले. हे आपण आधी का केलं नाही? दोन प्रती एकमेकींवर ठेवून भांडलो, मूळ नकाशाला कुणी विचारलंच नाही. नकाशा तुमच्या कोल्हापूरच्या प्रतीशी जुळला. माझीच प्रत मोठी. म्हणजे तुम्ही बरोबर होतात, रूळ काही गिळत नव्हते, माझे सांधेच खोटे. मग तुम्ही मला माझंच घे का म्हणालात? दया आली? मला फार अपमान वाटला.

तरी चीड येऊन मी पुन्हा मोजलं. ह्या वेळी माझ्या प्रतीतला एकच तुकडा घेतला, ज्यात सांधा नाहीच, एका काचेवर एका दमात आलेला. देवळापासून तळ्यापर्यंत. तोही मोठा भरला. सांधा नाही, तरी मोठा. मी पट्टी खाली ठेवली. मग तुमचा तो प्रश्न आठवला. पाऊस होता काय गो.

चाचा, पावसात कागद फुगतो. हे मला कोणी शिकवलं? तुम्हीच. त्या खोलीत पाऊल टाकल्यापासून ऐकतेय. आषाढात कपाटाचे खण अडकतात तेव्हा तुम्ही म्हणायचात, नकाशे अंगाने भरलेत, ओढू नका. मृगापासून दिवाळीपर्यंत आपल्याकडे कुणालाही नकाशावरून माप देत नाहीत. माणूस मुंबईहून रजा काढून आलेला असो, तुम्ही त्याला दारातून परत पाठवायचात, पावसात माप नाही, दिवाळीनंतर या. लोक चिडायचे, तुम्ही ढिम्म. हा नियम असलेलं दुसरं ऑफिस मी ऐकलेलं नाही. आणि आपण दोघांनी एक प्रत काढली कोल्हापूरच्या मेमधल्या रखरखाटात आणि दुसरी रत्नागिरीच्या श्रावणात, आणि दोन मशिनांना शिव्या दिल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आपण मशीन तपासत होतो ना, नकाशा मोजत नव्हतो, म्हणून नियम दोघांच्याही ध्यानात आला नाही. तुमचे रूळ बरोबर होते, माझे सांधे बरोबर होते. माझा गावच पाऊस पिऊन वाढला होता.

तुम्हाला ते अंथरुणावर कळलं. म्हणून हसलात. एवढं मी आता धरून चालते. पण पुढचं कळत नाही. माझं बरोबर निघालं तर तुमचंही बरोबरच होतं की! मग तुम्ही 'दोन्ही सारखी' असं का नाही म्हणालात? 'तुझाच घे' का? खोकल्याने वाक्य अर्धं राहिलं का? की चरकात खरा घालायचा तो तुमच्याच गावचा नकाशा, हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं, आणि तो घालायची तुमची छाती होत नव्हती? माझ्या त्या खोचक प्रश्नाचं उत्तर तुम्ही तेव्हा दिलंत का? की नुसता एका म्हाताऱ्या माणसाचा लाड, पोरीला जिंकू दे म्हणून? रोज एसटीत मला ह्यातलं एकेक खरं वाटतं. लांजा येईपर्यंत दुसरं खरं वाटायला लागतं. तुम्ही असतात तर तिन्ही उत्तरांना नाही म्हणाला असतात आणि हात धुवायला पाठवलं असतंत.

हे लिहायला घेतलं त्याला आता चार दिवस झाले, आणि काल मी सही केली. काचेचं मशीन. कारणांत लिहिलं की मापात दोन्ही सारखी, पण कापडावरचे जुने नकाशे रुळांत घालण्याजोगे राहिलेले नाहीत, आणि फोटोंना काच लागते. समितीच्या दुसऱ्या सदस्याची सही कुठाय, असं साहेबांनी विचारलं नाही. मी ती जागा तशीच मोकळी ठेवलीय.

मशीन मे महिन्यात येईल म्हणतात. पावसाच्या आत नाही आलं तर दिवाळीपर्यंत थांबेन, कुणी कितीही घाई केली तरी. पावसात माप नाही. आणि पहिला घेणार तो तुमच्या गावचा नकाशा. तो तुकड्यांत घ्यावा लागणार, ह्याला इलाज नाही. तुम्हाला जन्मभर नको असलेले सांधे मलाच घालावे लागणार. पण तुकडे कुठे पाडायचे ते माझ्या हातात आहे. तुमचं घर मी काचेच्या बरोबर मधोमध ठेवीन आणि तिथून चहूकडे मोजत जाईन. सांधा विहिरीवर येईल, माडांवर येईल, गडग्यावर येईल. घरावर येणार नाही.

हे मी चाचीला सांगितलं. ती तुमचे कपडे घडी करत होती. तिने सगळं नीट ऐकून घेतलं, मग म्हणाली, 'त्यांना विचारलास काय गो?'

म्हणून विचारतेय.